काका, ए प्लस प्लसवाल्यांना पंचवीस हजार भरू का?

या वेळचं पत्र सोलापूरच्या विडी घरकुलातल्या एका भावाचं आहे. थोडं कापलंय, बाकी शब्द त्याचेच.

“काका नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. धाकटी बहीण बारावी सायन्स झाली, सीईटीला ८३ पर्सेंटाइल पडले, तिला कॉम्प्युटरच करायचंय. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठातनं मॅडमचा रोज दोनदा फोन येतोय. फी वर्षाला २ लाख ९० हजार, होस्टेल वेगळं. त्या म्हणतात आमचं नॅक ए प्लस प्लस आहे, एनआयआरएफमध्ये रँक आहे, रविवारपर्यंत २५ हजार भरून सीट बुक करा नाहीतर जाईल. सोलापुरातल्या ज्या कॉलेजला तिचा नंबर लागेल असं वाटतंय त्याला नॅक बी प्लस प्लस आहे. मामा म्हणतो बी वाल्यात टाकून पोरीचं वाटोळं करू नका, कर्ज काढा. आम्ही ओबीसी, घरचं सगळं मिळून उत्पन्न सव्वाचार लाख. बहीण म्हणते दादा तू ठरव. मला नॅक म्हणजे काय तेच धड माहीत नाही. काय करू?”

बाळा, पैसे भरू नको. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी आपला नॅकचं पुराण लावून बसायचो आणि तिकडं रविवार उजाडायचा. ज्या सीटला खरंच गर्दी असते तिच्यासाठी कुणी रोज दोनदा फोन करत नाही रे. कॅप राउंडला, म्हणजे सीईटी सेलच्या प्रवेशफेरीला बघ, चांगल्या कॉलेजची सीट पॉइंट काहीतरी पर्सेंटाइलनं हुकते आणि तिथनं कुणी फोन करून समजूत पण काढत नाही. आणि ‘फक्त व्हेरिफिकेशनला’ म्हणून ओरिजिनल मार्कलिस्ट वगैरे मागितली तर समोर उभं राहून दाखवायची आणि परत घ्यायची, कॉलेजला ओरिजिनल सर्टिफिकिटं अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, २०१८ सालीच तसं काढलंय.

आता तुझा खरा प्रश्न, नॅक म्हणजे काय. तुमच्या कारखान्यात बाहेरच्या बायरचं ऑडिट येतं का नाही? आदल्या दिवशी मशीनवरचा कापूस झाडायचा, फायरचे लाल डबे लटकवायचे, बाथरूमला साबण ठेवायचा, रजिस्टरवर राहिलेल्या सह्या मारून घ्यायच्या. ऑडिटवाला येतो, बघतो, मार्क देऊन जातो. ते ऑडिट खोटं नसतं, पण त्यावरनं त्या दिवशी लूमवरनं उतरलेला टॉवेल पाणी शोषतो का नाही ते कळत नाही. नॅक हे कॉलेजचं तसलं ऑडिट आहे. १९९४ साली यूजीसीनं सुरू केलं, ऑफिस बंगळुरूला. ही अक्षरं ज्या पद्धतीनं दिली गेली ती अशी, कॉलेज आधी स्वतःच स्वतःबद्दल मोठ्ठा रिपोर्ट लिहितं, त्याला एसएसआर म्हणतात, त्यातले आकडे तपासले जातात, विद्यार्थ्यांना ईमेलवर प्रश्न जातात आणि शेवटी बाहेरच्या राज्यातले दोनतीन प्राध्यापक येऊन बघून जातात, ती पीअर टीम. २०१७ पासनं जवळपास ७० टक्के मार्क या भरलेल्या आकड्यांवर आणि उरलेले टीमच्या बघण्यावर. ४ पैकी मार्क पडतात आणि त्यावरनं अक्षर.

मी तेवीस वर्षं एका कॉलेजात शिकवलं (नाव नको, अजून त्या लोकांच्यात उठबस आहे) आणि शेवटची आठ वर्षं हे नॅकच्या फायलींचं काम माझ्या गळ्यात होतं. टीम येणार म्हणल्यावर आमच्याकडं नर्सरीतनं भाड्यानं कुंड्या आल्या होत्या. माजी विद्यार्थ्यांच्या मीटिंगला माणसं कमी पडली म्हणून एका सरांनी आपल्या मेहुण्याला आणून बसवला, तो बिचारा दहावी नापास, आणि टीमच्या मॅडमनी नेमकं त्यालाच विचारलं तुमच्या वेळचं आणि आत्ताचं कॉलेज यात काय फरक वाटतो. तो म्हणाला कुंड्या लई झाल्यात. जेवायला कडक भाकरी शेंगाचटणी, जाताना प्रत्येकाला चादर, आपली सोलापूरची पद्धत, त्यात काही पाप नाही. पण हे पण सांगतो, आमच्या कॉलेजात मुलींच्या बाजूला धड टॉयलेट झालं ते नॅकमुळंच. वीस वर्षं प्राध्यापिका मागत होत्या, झालं नाही, टीम येणार कळल्यावर दोन महिन्यांत टाइल्ससकट तयार. रॅम्प झाला, लायब्ररीतली पुस्तकं पहिल्यांदा कम्प्युटरवर चढली. म्हणून नॅकला सरसकट नाटक म्हणणाऱ्यातला मी नाही. २०२३ च्या सुरुवातीला लोकसभेत सरकारनं सांगितलं होतं की देशातली ६९५ विद्यापीठं आणि ३४ हजारांच्या वर कॉलेजं नॅकशिवाय चाललीत. म्हणजे ज्या कॉलेजवर मामा नाक मुरडतोय त्यानं निदान घरात माणसं बोलवून कपाटं उघडून दाखवली, कित्येकांनी दार पण उघडलेलं नाही.

मामाला बी म्हणजे सेकंड क्लास वाटतंय, ते साहजिक आहे, अक्षरंच तशी ठेवलीत. पण ३.५१ च्या वर ए प्लस प्लस, मग ए प्लस, मग ए, आणि २.७६ ते ३ मध्ये बी प्लस प्लस. त्याच्याखाली बी प्लस, बी, सी अजून आहेतच. म्हणजे ३.०० ला बी प्लस प्लस आणि ३.०१ ला ए, एका शंभरांशानं अक्षर बदलतं आणि तेवढ्यावर गावभर बॅनर लागतात.

आणि याच्याहून मोठी गोष्ट, जी फोनवाल्या मॅडमला बहुतेक माहीतच नसणार, ती म्हणजे विद्यापीठाला आणि कॉलेजला नॅक एका तराजूत तोलतच नाही. एकूण १००० मार्क दोघांनाही, पण विद्यापीठाला त्यातले शिकवण्या-शिकण्याला २०० आणि संशोधनाला २५०. तुमच्या सोलापूरच्या संलग्न, म्हणजे विद्यापीठाला जोडलेल्या, कॉलेजला शिकवण्या-शिकण्यालाच ३५०. आता ज्याचे पीएचडीवाले धडाधड पेपर छापतात त्या विद्यापीठाचं ए प्लस प्लस आणि ज्याचा एक तृतीयांशाहून जास्त हिशोब वर्गातल्या फळ्याशी आहे त्याचं बी प्लस प्लस, हे शेजारी ठेवून कुठलं जड हे कसं ठरवायचं? तुझी बहीण फर्स्ट इयरला जाणार आहे, तिला एम वन, म्हणजे पहिलं गणित, समजावून सांगणारा माणूस पाहिजे. तिथल्या सरांचे किती पेपर कुठं छापलेत याचा तिला चार वर्षांत फार तर प्रोजेक्टच्या वेळी उपयोग.

ग्रेडची तारीख पण बघायची. साधारण पाच वर्षं चालते (लागोपाठ वरची ग्रेड मिळवणाऱ्यांना सात), त्यानंतर परत तपासणी. जाहिरातीत अक्षर मोठं असतं आणि वर्ष नसतंच. शिवाय एका ट्रस्टची पाच कॉलेजं असतात, नॅक असतं जुन्या आर्ट्स कॉमर्सला आणि फ्लेक्स लागतो इंजिनिअरिंगच्या गेटवर, हे मी आपल्याच जिल्ह्यात डोळ्यानं बघितलंय.

पेपरात वाचलं असशील, फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षाला आणि सदस्यांना आंध्रातल्या एका खाजगी विद्यापीठाला चांगली ग्रेड देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली पकडलं, कॅश, सोनं, लॅपटॉप असं काय काय निघालं. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२३ मध्ये, आपल्या पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडून बाहेर पडले, ग्रेडच्या कामात गैरप्रकार होत असावेत अशी शंका त्यांनी लेखी मांडली होती. म्हणजे एकदम वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाच शंका होती. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्या समितीनं तर ही अक्षरंच काढून टाका, नुसतं अधिस्वीकृत आहे किंवा नाही एवढंच ठेवा आणि पुढं ज्याला जायचंय त्याला एक ते पाच लेव्हल ठेवा असं सुचवलं, आणि नॅकनं जानेवारी २०२४ मध्ये ते स्वीकारल्याचं जाहीर पण केलं. म्हणजे ज्या अक्षरासाठी मामा कर्ज काढायला सांगतोय ते अक्षर द्यायची पद्धतच बंद करायचं ठरलंय. हे मामाला सांगशील तेव्हा जरा हळू सांग.

आता एनआयआरएफ. ही केंद्र सरकारची रँकिंग, २०१५ ला आखली आणि पहिली यादी २०१६ ला आली. नॅक म्हणजे पास-नापास आणि श्रेणी, एनआयआरएफ म्हणजे रांग, कोण पहिला कोण दुसरा. आयआयटी मद्रास २०१९ पासनं एकूण यादीत पहिलं आहे आणि बंगळुरूची आयआयएससी विद्यापीठांत सुरुवातीपासनं पहिली, तिथंपर्यंत कुणाची तक्रार नाही. पण ही रांग लावतात कशावर? विद्यापीठ आणि इंजिनिअरिंगला शिकवणं आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३० टक्के, पास होऊन बाहेर पडलेल्यांचं पुढं काय झालं ते २०, मुली, गरीब घरची मुलं, परराज्यातली मुलं किती याला १०, आणि उरलेले १० टक्के ‘परसेप्शन’, म्हणजे कंपनीवाल्यांना आणि प्राध्यापकांना विचारायचं तुमच्या मते चांगलं कुठलं. आता मला सांग मुंबई-बंगळुरूच्या एचआरनं आपल्या केगावच्या माळावरचं सोलापूर विद्यापीठ कधी बघितलंय का? ऐकलेलं नाव तोच टिक करणार. ही भाग घ्यायची स्पर्धा आहे, माहिती संस्था स्वतःच भरतात, आणि जे उतरत नाहीत ते यादीत दिसत नाहीत, ते वाईट असतात म्हणून नव्हे.

मॅडम म्हणल्या ‘रँक आहे’. तू विचारायचं, कितवी, कुठल्या गटात, कुठल्या वर्षाची. तू पाठवलेल्या जाहिरातीच्या फोटोत खाली बारीक अक्षरात १५१ ते २०० असं आहे, विद्यापीठ गटात. पहिल्या शंभरांना नंबर देतात, पुढं असे गठ्ठे असतात आणि गठ्ठ्यात नावं एबीसीडीनं लावलेली असतात, म्हणजे १५१ वा का १९९ वा हे कुणालाच सांगता येत नाही. आणि इंजिनिअरिंगच्या यादीत ते विद्यापीठ मला सापडलंच नाही. बहिणीला घ्यायचंय इंजिनिअरिंग आणि फोनवर सांगतात विद्यापीठाची रँक.

रँकचा तुमच्या खिशाशी खरा संबंध एकाच ठिकाणी येतो, ते सांगतो, कारण कर्जाचा विषय मामानंच काढलाय. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून योजना आहे, नोव्हेंबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं मंजूर केली, त्यात तारण आणि जामीनदाराशिवाय शिक्षणकर्ज मिळतं आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. पण कुठल्या संस्थेसाठी? खाजगी असेल तर एनआयआरएफच्या एखाद्या यादीत पहिल्या १०० च्या आत पाहिजे. १०१ ते २०० वाल्यात फक्त राज्य सरकारच्या संस्था घेतल्यात. म्हणजे त्या मॅडमच्या १५१ ते २०० वर ही योजना लागत नाही, रँक आहे पण जिथं उपयोगी पडली असती तिथं नाही. बँकेचं साधं कर्ज घ्यायचं तर रक्कम बघता तारण, आणि तारण म्हणजे वडिलांचं ते घरकुलातलं घर.

बरं, हे सगळं बोलून मी ग्रेड आणि रँक केराच्या टोपलीत टाका असं म्हणत नाहीये. उलट त्या अक्षराच्या मागं जे कागद असतात ना, ते सोनं आहे आणि कुणी वाचत नाही. आमच्या कॉलेजचा एसएसआर आम्ही चार महिने रात्री बसून लिहिला, वेबसाइटवर टाकला, आणि एकाही पालकानं कधी त्यातला एक प्रश्न येऊन विचारला नाही.

एनआयआरएफला जी माहिती भरतात ती कॉलेजला आपल्या वेबसाइटवर पण ठेवावी लागते. एनआयआरएफ असं लिहिलेलं पान शोध, पीडीएफ असते. त्यात एक तक्ता आहे, अमुक वर्षी किती मुलं घेतली, त्यातली वेळेत किती पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगार. हा पगार मिडियन असतो, सरासरी नसतो, हे लई महत्त्वाचं. तुझ्या कारखान्यात चार कामगार १५ हजारवाले आणि पाचवे शेठ ५ लाखवाले धर, पाच जणांची सरासरी काढली तर प्रत्येकाला १ लाख १२ हजार पगार येतो, आणि एकाही कामगाराच्या घरात तेवढे जात नाहीत. मिडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणं रांगेत उभं केलं तर मधोमध जो उभा आहे त्याचा पगार, तो येतो १५ हजार. जाहिरातीतलं ‘हायेस्ट पॅकेज ४० लाख’ म्हणजे तो शेठ. तू मधल्या पोराचा आकडा बघ. आणि घेतलेली मुलं किती आणि नोकरी लागलेली किती याचा भागाकार कर, कारण ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा प्लेसमेंटला बसू दिलेल्यांपैकी १०० टक्के असतं.

त्याच फायलीत शेवटी शिक्षकांची यादी असते, नाव, शिक्षण, कधी जॉइन झाले, सोडलं असेल तर कधी, आणि अनुभव महिन्यात. महिन्यात का ते मला कधी कळलं नाही पण सोय चांगली आहे. वाचायला घे. ओळीनं ८ महिने, ११ महिने, १४ महिने दिसायला लागलं तर समजायचं की इथं मास्तर टिकत नाहीत. जिथं १५० महिने, २०० महिने अशी चारपाच माणसं सापडतात तिथं बी असो का ए असो, पोरगी वाऱ्यावर पडत नाही. मी स्वतः पुतणीच्या वेळी फक्त ही यादी बघून कॉलेज ठरवलं होतं.

नॅकच्या साइटवर प्रत्येक संस्थेचा पीअर टीमचा रिपोर्ट पण मिळतो. त्यात बलस्थानं सोडून दे, सगळीकडं तीच असतात, शांत परिसर आणि दूरदृष्टीचं व्यवस्थापन. कमतरतांचा परिच्छेद वाच. टीमची माणसं जेवण करून चादर घेऊन गेली तरी तिथं दोनचार ओळी खऱ्या लिहितात, पर्मनंट शिक्षक कमी, इंडस्ट्रीशी संबंध कमी, असं. पुण्याच्या विद्यापीठाचा आणि सोलापूरच्या कॉलेजचा, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाच, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि एक तिसरं नाव, ज्याचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही आणि मॅडमनी पण काढलेलं दिसत नाही, एनबीए. नॅक अख्ख्या संस्थेला असतं, एनबीए एकेका कोर्सला. म्हणजे कॉलेजच्या मेकॅनिकलला असेल आणि कॉम्प्युटरला नसेल असं होतं. तुझ्या बाबतीत हा प्रश्न जास्त नेमका आहे, कारण तू पूर्ण कारखाना घेत नाहीयेस, एका लूमवरचा माल घेतोयस. फक्त एवढं लक्षात ठेव की नवीन ब्रँचला, ते एआय एमएल, डेटा सायन्स वगैरे, दोन बॅचेस बाहेर पडल्याशिवाय एनबीए मागताच येत नाही, त्यामुळं नसलं तर लगेच फुली मारायची नाही, नुसतं विचारायचं की हे विषय शिकवायला नवीन माणसं घेतली का जुन्याच सरांना आठवड्याचा कोर्स करून उभं केलं.

आता पैशाचं, आणि माझ्या मते इथंच सगळं ठरतं. ८ जुलै २०२४ चा महाराष्ट्र सरकारचा जीआर आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. तुमच्या सव्वाचार लाखात ती बसते. अट अशी की प्रवेश कॅपमधनं पाहिजे, म्हणजे सीईटी सेलच्या राउंडमधनं, मॅनेजमेंट कोट्यातनं नाही. आणि खाजगी विद्यापीठं आणि खाजगी अभिमत विद्यापीठं यातनं सरळ वगळलीत. परत वाच हे. पुण्याच्या त्या ठिकाणी चार वर्षांचे ११ लाख ६० हजार आणि वर होस्टेल, माफी शून्य. सोलापूरच्या बी प्लस प्लसवाल्यात कॅपनं लागली तर ट्यूशन शून्य, डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ भरावं लागेल, डबा घरचा, सिटी बस नाहीतर तुझ्या गाडीवर मागं. कॉलेजची मंजूर फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर दिसतं, त्याच्यावर कुणी मागितलं तर पावती मागायची.

पुणंच पाहिजे असेल तिला, घर सोडून राहायचं असेल, तर ती पण चुकीची इच्छा नाही. मी सोलापूरचा आहे म्हणून पोरींनी सोलापुरातच राहावं असलं काही माझं म्हणणं नाही. पण मग पुण्यातली संलग्न आणि ऑटोनॉमस कॉलेजं कॅपमध्ये आहेत की, तिथं पण हीच माफी लागते. ८३ ला पुण्यात कॉम्प्युटर अवघड आहे, आयटी किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडं बघावं लागेल, मागच्या वर्षीचे कटऑफ साइटवर आहेत, तिच्या कॅटेगरीच्या रकान्यात बघ, जनरलचे बघून घाबरू नको. ऑप्शन फॉर्ममध्ये पहिलं नाव मात्र मनापासनं टाका, पहिलंच कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की होते, मग मामाला आवडो न आवडो. ऑटोनॉमस म्हणल्यावर लोक बिचकतात, तर डिग्रीवर नाव मूळ विद्यापीठाचंच येतं, पेपर आणि सिलॅबस कॉलेजचं.

सोलापूरच्या कॉलेजला नुसता फोन करू नको, दुपारी साडेबाराला जा, सुट्टी टाक एक दिवस. बहिणीला घेऊन जा, किंबहुना तिलाच बोलू दे. थर्ड इयरच्या मुलींना कँटीनला गाठ, त्यांना विचार लॅब किती वाजता बंद होते, सर प्रोजेक्ट विकत आणायला सांगतात का, इंटर्नशिपला कोण कुठं गेलं. मुलगी मुलीला खरं सांगते. कॉम्प्युटर लॅबमध्ये डोकावून बघ, पीसी चालू आहेत का त्यांच्यावर अजून प्लास्टिक आहे. आणि हे करायला पुण्याला पण जायचं असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्रीपर्यंत परत येता येतं, कॅम्पस बघ, छान असेल, स्विमिंग पूल पण असेल, बघून ये.

एक्स्पोर्टचा टॉवेल घ्यायला माणूस आला तर तो तुमच्या शेठच्या गेटवरची कमान बघून ऑर्डर देतो का? जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन बघतो, ओला करून पिळून बघतो, रंग जातो का बघतो. तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. कॉलेजच्या वेळी आपण सगळेच कमानी बघत बसतो, मी पण बसलो होतो, माझ्या थोरल्याच्या वेळी, त्याचे हप्ते परवा परवा फिटले.

तू लिहिलंयस बहीण म्हणते दादा तू ठरव. नको ठरवूस. तिला ही दोन पीडीएफ दे, मोबाइलवर उघडतात, आणि तिलाच सांग वाचून मला समजाव. जी पोरगी सीईटी देऊन आलीय तिला एक तक्ता वाचता येईल. मग मामाला तिनंच सांगू दे, तिच्या तोंडून ऐकलं की मामा विरघळेल, मामा लोकांचं तसंच असतं.

मॅडमचा परत फोन आला तर भांडू नको, ती पण पगारावरच आहे, तिला महिन्याचं टार्गेट आहे. एवढंच म्हण की कॉम्प्युटर ब्रँचचं एनबीए, गेल्या वर्षीचा मिडियन पगार आणि खाजगी विद्यापीठाला मुलींची फी माफी लागते का, हे विद्यापीठाच्या ईमेलवरनं लिहून पाठवा, मग बोलू. मला वाटतं फोन कमी होतील.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर काढून ठेवलंय का? पत्रात काही नाही त्याबद्दल. नसेल तर आज हे वाचलं की उद्या सकाळी सेतूत जाऊन अर्ज टाक, या दिवसांत तिथं लई गर्दी असते आणि सर्व्हर दुपारनंतर झोपतो. डोमिसाइल पण बघून घे.